आधी दुसऱ्याच्या ट्रकवर एक हिवाळा काढा

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

ताई, नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, वय ५१. बरीच वर्षं मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मटेरियल प्लॅनिंग बघत होतो. यंदा आमचा सगळा विभागच बंद केला. तेव्हापासून अर्जांवर अर्ज करतोय, पण वय दिसलं की पुढचं बोलणं थांबतं.

नोकरीत असताना एखादा भाग कमी पडून गिऱ्हाइकाची असेंब्ली लाइन थांबायची वेळ आली की रात्री-अपरात्री एक्स्पिडाइट, म्हणजे तातडीचा माल थेट पोचवणारी गाडी मागवायचं काम माझ्याकडे असे. तास-दीड तासात गाडी दारात. दोन पॅलेट उचलून ती थेट केंटकीला किंवा टेनेसीला जायची. त्या चालकांचा मला नेहमी हेवा वाटायचा. आता मीच ते करावं म्हणतो. मोठ्या स्लीपरचा (झोपायच्या केबिनचा) एक स्ट्रेट ट्रक, म्हणजे वेगळा ट्रेलर नसलेला, बघून ठेवलाय, १,८५,००० डॉलरचा. ४०,००० आत्ता भरू शकतो. पत्नी ४८ वर्षांची आहे, हॉस्पिटलच्या फार्मसीत टेक्निशियन आहे. ती नोकरी सोडून टीम ड्रायव्हर म्हणून सोबत येईल, तिची तयारी आहे. मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, घराचे हप्ते बाकी आहेत. मला मधुमेहाची गोळी चालू आहे, बीपी थोडं वर असतं. आई सांगलीला भावाकडे असते, वय ७९. नोकरी गेल्याचं तिला सांगितलेलं नाही, ट्रकचं कसं सांगू? मंडळातही चर्चा होणारच. डीलर म्हणतो, हा भाव महिनाअखेरपर्यंतच. काय करू?

एक वाचक, मिशिगन

दादा, नमस्कार.

डीलरला आजच फोन करून नाही म्हणून सांगा. तुमच्या पत्रातल्या बाकी प्रश्नांवर सावकाश बोलता येईल, पण महिनाअखेरीची ही टांगती तलवार आधी काढून टाका. असे ट्रक पुढच्या महिन्यातही मिळतात, पुढच्या वर्षीही मिळतात. मंदीत तर थोडेसे वापरलेले पुष्कळ मिळतात, कारण तेजीत घाईने घेतलेल्या गाड्या लोक विकायला काढतात. २०२१ मध्ये मालवाहतुकीचे दर चढले तेव्हा खूप जणांनी चढ्या किमतीला गाड्या घेतल्या. २०२२ पासून दर उतरले आणि बराच काळ उतरलेलेच राहिले. हप्ते मात्र ठरले होते तेवढेच राहिले.

चालक व्हा, असं मी तुम्हाला मनापासून म्हणते. मी ओहायोत छोट्या व्यावसायिकांचे हिशेब बघते. एक्स्पिडाइट चालवणारी माणसं, नवरा-बायकोच्या जोड्या माझ्याकडे येतात आणि त्यांची साप्ताहिक सेटलमेंटची, म्हणजे कमाई आणि कपातीच्या हिशेबाची कागदं मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे. पन्नाशीनंतर या धंद्यात आलेली माणसं टिकलेली मी पाहिली आहेत. मुलं मोठी झालेली, गरजा कमी झालेल्या, डोकं शांत. अशा माणसाला हे काम जमतं. माझा विरोध ट्रक विकत घ्यायला आहे आणि वहिनींनी आत्ताच नोकरी सोडायला आहे. का, ते सांगते.

तुम्ही हा धंदा फोनच्या एका टोकाने पाहिलात. तुमच्यासाठी गाडी यायची ती माल उचलायला, आणि चालक सही घेऊन निघून जायचा. तो ज्या गावात माल उतरवायचा तिथून पुढे त्याचं काय व्हायचं, हे तुम्हाला दिसायचं कारण नव्हतं. समजा त्याने तुमची पॅलेट स्पार्टनबर्गच्या कारखान्यात पोचवली. आता तो रिकामा. तिथून लगेच दुसरा लोड मिळाला तर नशीब. नाही तर जवळच्या ट्रक स्टॉपवर जाऊन पार्किंग शोधायचं आणि वाट बघायची. कधी चार तास, कधी दोन दिवस. या वाट बघण्याचे पैसे बहुतेक वेळा मिळत नाहीत. मग डिस्पॅचकडून, म्हणजे कंपनीत लोड वाटणाऱ्यांकडून ऑफर येते: लोड दीडशे मैलांवर, तिथपर्यंत रिकामी गाडी न्यायची. त्या डेडहेड मैलांचे कधी थोडे पैसे मिळतात, कधी काहीच नाही. आणि हो-नाही सांगायला मोजकी मिनिटं.

या मिनिटांत घेतलेल्या निर्णयांवर या धंद्याची कमाई ठरते. गाडी नीट चालवणारे पुष्कळ असतात. कुठला लोड नाकारायचा, हे कळणारे त्याहून कमी. फ्लोरिडाला घेऊन जाणारा चांगल्या दराचा लोड सगळ्यांनाच मोहात पाडतो, पण फ्लोरिडात माल जातो तेवढा तिथून बाहेर निघत नाही, हे प्रत्येक ट्रकवाल्याला ठाऊक असतं. परतीला मिळेल त्या भावात निघावं लागतं किंवा जॉर्जियापर्यंत रिकामं यावं लागतं. उलट लारेडोला पोचलात तर मेक्सिकोतून पुलावरून येणाऱ्या सुट्या भागांमुळे उत्तरेकडचा लोड मिळण्याची शक्यता बरी. टोलेडो, डेट्रॉइट, आय-७५ महामार्गाचा पट्टा तुम्हाला ओळखीचा आहे. इथे तुमचा जुना अनुभव खरोखर कामाला येईल. जुलैच्या सुरुवातीला आणि नाताळात कारखाने बंद होतात हे नव्या चालकाला पहिल्या वर्षी खिसा रिकामा झाल्यावर कळतं. तुम्हाला ते आधीच माहीत आहे. कुठल्या कारखान्यात कुठलं मॉडेल बदलतंय, भाग कधी कमी पडतात, शुक्रवारी दुपारी इतके फोन का येतात, हे तुम्ही आतून पाहिलं आहे. ही तुमची शिदोरी आहे. तिला कमी लेखू नका.

आता पैशांचं. पुढचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे खरे आकडे कंपनी आणि काळ बघून निघतील. तुमचा ट्रक घेतलाय असं धरू. ४०,००० भरून १,४५,००० चं कर्ज राहिलं. पहिल्यांदाच ट्रक घेणाऱ्याला दहा टक्क्यांनी, सहा वर्षांसाठी मिळालं असं धरलं तर महिन्याचा हप्ता साधारण २,६८६ डॉलर येतो, म्हणजे आठवड्याला ६२०. विमे धरा आठवड्याला २५०, टोल-परवाने-किरकोळ १००. म्हणजे गाडी हललीच नाही तरी आठवड्याचे ९७० डॉलरच्या आसपास लागणार. बऱ्या आठवड्यात १,५०० मैल भरलेले आणि ४०० मैल रिकामे चाललात, आणि भरलेल्या मैलाला डिझेलच्या अधिभारासकट २ डॉलर मिळाले, तर हाती ३,०००. गाडी गॅलनला ९ मैल देते आणि डिझेल ३.७५ आहे असं धरलं तर डिझेलला ७९० च्या वर गेले. टायर, ऑइल, दुरुस्ती यांच्यासाठी मैलाला १५ सेंट बाजूला काढलेच पाहिजेत, ते २८५. उरले साडेनऊशे. दोन माणसांच्या आठवडाभराच्या कामाचे, कर भरण्याआधी.

वाईट आठवडा बघा. ७०० मैल भरलेले, ३०० रिकामे. मिळकत १,४००. डिझेल आणि दुरुस्ती काढली, ठरलेला खर्च काढला, की उत्तर शून्याच्या खाली जातं. सव्वाशे-दीडशे डॉलर घरातून घालावे लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत असे आठवडे ओळीने येऊ शकतात.

त्याऐवजी तुम्ही फ्लीट ओनरच्या, म्हणजे दुसऱ्या मालकाच्या ट्रकवर चालवलंत तर? वाटणी ठिकठिकाणी वेगळी असते. समजा तुम्हाला मिळकतीचे ४० टक्के आणि डिझेल मालकाचं. त्याच बऱ्या आठवड्यात तुम्हाला १,२०० मिळतात आणि वाईट आठवड्यात ५६०. सोलो चालवताना मैल कमी पडतील, तर आकडेही उतरतील, हे खरं. पण इंजिनातला एखादा सेन्सर बिघडून गाडी चार दिवस वर्कशॉपला पडली तर बिल मालकाचं. सहा वर्षांनी ट्रक स्वतःचा होतो हे मालकीच्या बाजूने मोठं आहे, ते मी नाकारत नाही. फक्त ते सहा वर्षं तग धरलेल्यालाच मिळतं, आणि तुम्ही तग धराल की नाही हे आज तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही.

म्हणून माझं म्हणणं: पहिलं वर्ष, निदान एक पूर्ण हिवाळा, दुसऱ्याच्या ट्रकवर. वहिनी नोकरीत. तुम्ही एकटे.

याला लागून दोन गोष्टी. कंपनीशी करार करून ट्रक लावणाऱ्यांसाठी केंद्र सरकारचे नियम आहेत. करार लेखी हवा, माल पोचल्याची कागदं दिल्यापासून १५ दिवसांत पैसे हवेत, कशाकशाचे पैसे कापणार ते करारात लिहिलेलं हवं. मोबदला टक्केवारीत असेल तर मूळ भाड्याच्या बिलाची प्रत बघायचा हक्क असतो. एस्क्रोत, म्हणजे कंपनीकडे अनामत ठेवलेले पैसे करार संपल्यावर ४५ दिवसांत परत मिळायला हवेत. हा करार ट्रकमालक आणि कंपनी यांच्यातला. फ्लीट ओनरच्या गाडीवर चालवताना तुमचा स्वतंत्र कागद त्या मालकाशी होतो, त्यात वाटणी, डिझेल, डेडहेड, टोल आणि गाडी बंद पडली तर तुमच्या दिवसांचं काय, हे शब्दांत लिहून घ्या. तोंडी 'बघू या' चालणार नाही. दुसरी गोष्ट: एखादी कंपनी म्हणेल, काही भरू नका, आमचाच ट्रक लीजवर घ्या, दर आठवड्याला कापून घेऊ, शेवटी गाडी तुमची. अशा लीज-पर्चेस योजनांचा अभ्यास करायला नेमलेल्या केंद्रीय कार्यदलाने जानेवारी २०२५ च्या अहवालात त्यांच्यावर बंदी घालावी अशीच शिफारस केली. तुम्ही तिकडे फिरकू नका.

लायसन्सचं थोडक्यात. तुम्ही पाहिलेला ट्रक २६,००० पौंडांच्या वरच्या वर्गातला असेल तर सीडीएल (व्यावसायिक वाहन चालवायचं लायसन्स) क्लास बी पुरतं, पण तुम्ही क्लास ए घ्या. एक्स्पिडाइटचं काम आटलं तर ट्रॅक्टर-ट्रेलरवर नोकरी मिळू शकते, हा आधार पन्नाशीत हाताशी असलेला बरा. फेब्रुवारी २०२२ पासून पहिल्यांदा सीडीएल काढणाऱ्याला सरकारी यादीतल्या शाळेतूनच प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि लर्नर परमिट हाती आल्यावर किमान १४ दिवसांनीच गाडीवरची परीक्षा देता येते. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिलीत तर लायसन्सवर तशी मर्यादा येते. आजकाल बहुतेक गाड्या तशाच असल्याने फार अडत नाही. धोकादायक मालाची हॅझमॅट परवानगीही काढा, पार्श्वभूमीची तपासणी होते, पण त्याने घेता येतील असे लोड वाढतात. शाळेची फी लगेच खिशातून भरू नका. नोकरी गेलेल्यांच्या पुनर्प्रशिक्षणासाठी केंद्राचा निधी असतो आणि तुमच्या राज्यात तो मिशिगन वर्क्सच्या कार्यालयांतून मिळतो. तिथे आधी जा, कारण शाळेत नाव घातल्यावर मागचा खर्च भरून मिळेलच असं नाही.

(हेच पत्र वाचून एच-१बी वर असलेला कुणी वाचक असा विचार करत असेल तर त्याच्यासाठी एवढंच: हा मार्ग तुमच्यासाठी नाही. तो व्हिसा तुमच्या मालकाशी आणि तुमच्या पदवीच्या कामाशी बांधलेला आहे. ग्रीन कार्ड हाती आल्यावर बघा.)

आणि या सगळ्याच्या आधी वैद्यकीय तपासणी. क्रम महत्त्वाचा आहे. १०,००१ पौंडांपासून वरचं वाहन राज्याबाहेर व्यवसायासाठी चालवायचं तर डॉट फिजिकल (परिवहन खात्याच्या नियमांनुसारची वैद्यकीय तपासणी) लागतं, तेही सरकारी नोंदणी असलेल्या तपासनिसाकडून. तुमच्या गोळीच्या मधुमेहाने लायसन्स अडत नाही, साखर ताब्यात हवी. इन्सुलिन सुरू झालं तरी २०१८ च्या नियमबदलानंतर दार बंद होत नाही, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा ठरलेला फॉर्म लागतो. बीपी १४०/९० च्या आत असेल तर प्रमाणपत्र दोन वर्षांपर्यंत मिळू शकतं. वर गेलं की मुदत एक वर्षावर येते, आणि फारच वर असेल तर तीन महिन्यांत खाली आणून दाखवा म्हणतात. तुम्ही 'थोडं वर' असं लिहिलंत. तुम्हाला आकडा माहीत आहे आणि तो लिहावासा वाटला नाही, असं मी समजते. डॉक्टरांकडे जा. घोरत असाल तर झोपेची तपासणीही करून घ्या, ती टाळू नका.

झोपेवर मला जास्त बोलायचं आहे, कारण या धंद्यातला खरा धोका तिथे आहे.

नियम सांगतो: सलग १० तास विश्रांतीनंतर १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवा, आठ तास चालवल्यावर अर्ध्या तासाची सुट्टी घ्या, आठ दिवसांत कामाचे ७० तास ओलांडले की चालवू नका. इलेक्ट्रॉनिक लॉग सगळं टिपतो. चांगले नियम आहेत. पण एक्स्पिडाइटमध्ये काय होतं पाहा. तुम्ही सकाळी सातला ट्रक स्टॉपवर उठलात. चहा केला, आंघोळ केली, मुलीशी बोललात, दिवसभर फोनकडे बघत बसलात. लोड नाही. रात्री नऊला ऑफर आली: साडेदहाला उचल, सकाळी आठला पोचव, पाचशे मैल. लॉगच्या दृष्टीने तुम्ही दिवसभर विश्रांती घेतलेली आहे, अकरा तास शिल्लक आहेत. शरीराच्या दृष्टीने तुम्ही चौदा तास जागे आहात आणि आता रात्रभर गाडी चालवायची आहे. कायदा तुम्हाला अडवणार नाही. तुम्हालाच स्वतःला अडवावं लागेल.

टिकलेले चालक दुपारी झोपतात. फोन उशाशी, पडदे लावलेले, लोड येवो न येवो, दोन ते सहा झोप. आणि झोप झाली नसेल तर लोड नाकारतात. पैसे कमी झाले तरी नाकारतात. हे तुम्हाला जमेल का, हे आधी तपासा. शाळेत जाण्याआधीच महिनाभर घरी करून बघा: दुपारी चार तास झोप आणि रात्री दोनपर्यंत ताजेतवाने जागरण.

एक सावधगिरी. ट्रकच्या हप्त्यात अडकण्यापेक्षा छोटी व्हॅन घेऊन सुरुवात करा, असं तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. स्प्रिंटर किंवा ट्रान्झिट, सीडीएल नको, डॉट फिजिकल नको. १०,००१ पौंडांखालच्या गाडीला, धोकादायक मालाच्या पाट्या लावायची वेळ आली नाही तर, तासांचा नियमही लागत नाही. हेच मला त्यात नको वाटतं. वीस-वीस तास चालवायला लावणारं कुणी भेटलं तर नियमाकडे बोट दाखवून नाही म्हणायची सोय राहत नाही, आणि दोन-तीन पॅलेटच्या लोडसाठी स्पर्धाही मोठी असल्याने नाही म्हणणं महाग पडतं. पन्नाशीच्या माणसाने कायद्याचं ते कुंपण स्वतःभोवती असू द्यावं.

आता वहिनींबद्दल. 'तिची तयारी आहे' असं तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. मला त्या वाक्यापाशी थांबावंसं वाटतं. नवऱ्याची नोकरी गेली आहे, तो घरात खचून बसलाय, आणि एक दिवस त्याच्या डोळ्यांत पुन्हा चमक दिसते. अशा वेळी बायको 'मी तयार आहे' म्हणते. ती मनापासूनच म्हणते. पण ती तुमच्यासाठी तयार आहे की ट्रकसाठी, हे वेगवेगळं विचारावं लागेल.

टीम म्हणजे काय ते त्यांना नीट माहीत असायला हवं. एक चालवतो तेव्हा दुसरा मागे झोपतो, म्हणजे झोपायचं ते चालत्या गाडीत. वायोमिंगमध्ये आय-८० वर वारा सुटलाय, गाडी हलतेय, आणि स्टिअरिंगवर वर्षभरापूर्वी ऑफिसात बसणारा नवरा आहे. त्याच्यावर विश्वास टाकून चार तास गाढ झोपता आलं तर टीम होते. नाही आलं तर दोन दमलेली माणसं एकाच गाडीत असतात. भांडण झालं तर दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. एकमेकांसाठी दिवसाकाठी जागे असलेले तास उलट घरच्यापेक्षा कमी मिळतात, हे जोडप्यांना सुरुवातीला धक्कादायक वाटतं. आणि तरी ज्यांना हे जमलं त्या जोड्या मी अतिशय सुखी पाहिल्या आहेत. दोघं मिळून रस्ता ठरवतात, दोघं मिळून लोड नाकारतात. मोठ्या किमतीचा किंवा पहाऱ्यातला माल बऱ्याचदा टीमलाच मिळतो, तेव्हा कमाईही चांगली असते. म्हणून दार बंद करू नका. फक्त आधी त्यांनी पाहुण्या म्हणून यावं. बऱ्याच कंपन्या काही काळानंतर, विमा उतरवून, सोबत माणूस न्यायची परवानगी देतात. कधी आणि कशी देतात ते सुरुवातीलाच विचारून ठेवा. वहिनींनी आपली रजा काढून जानेवारीत दोन आठवडे यावं. ऑक्टोबरात नको, ऑक्टोबरात सगळ्यांनाच ट्रक आवडतो. परतल्यावर त्या जे म्हणतील ते अंतिम धरा.

त्यांच्या नोकरीला दुसराही अर्थ आहे. आज घराचा आरोग्य विमा तीच नोकरी देते. ती सोडली तर कोब्रा नावाच्या कायद्याखाली साधारण १८ महिने तोच विमा चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता आणि वर थोडी फी तुम्ही भरायची. मधुमेह, बीपी आणि कॉलेजातली मुलगी असताना हा खर्च ट्रकच्या हप्त्याइतकाच गंभीरपणे मांडायला हवा. वर दिलेल्या हिशेबात मी तो धरलेलाच नाही.

कराचंही बोलून घेते. तुम्हाला बहुधा १०९९ हा स्वतंत्र कंत्राटदाराचा कर-फॉर्म मिळेल, म्हणजे कुणी काही कापून देणार नाही. स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर आणि वर आयकर, दर तिमाहीला तुम्हीच भरायचा. प्रत्येक सेटलमेंटमधला पाव हिस्सा वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. घरापासून दूर काढलेल्या दिवसांसाठी जेवणाखाणाची ठरीव वजावट मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून अमेरिकेच्या मुख्य भूमीत ती दिवसाला ८० डॉलर आहे आणि त्यातले ८० टक्के वजा करता येतात. ती मिळायला तुमचं कायमचं घर मात्र असावं लागतं. घर विकून ट्रकमध्येच राहू, असा विचार मनात आला तर हे लक्षात ठेवा. आणि कामावर इजा झाली तर नोकरदाराला मिळते तशी भरपाई १०९९ वाल्याला आपोआप मिळत नाही, म्हणून ऑक्युपेशनल ॲक्सिडेंटचा विमा कोण भरतो ते विचारा.

जेवणाची चिंता तुम्ही लिहिली नाहीत, पण मधुमेह आहे म्हणून सांगते. ट्रक स्टॉपवरचं खाणं तुम्हाला सहा महिन्यांत इन्सुलिनवर नेईल. स्लीपरमध्ये फ्रीज आणि छोटी इंडक्शन शेगडी चालते का, हे फ्लीट ओनरला आधी विचारा. नाचणीचं पीठ, मुगाची डाळ, मेतकूट, छोटा कुकर, एवढ्यावर बऱ्यापैकी जेवण होतं. आय-४० वर पंजाबी ढाबे आहेत, तिथली गरम रोटी-डाळ जिवाला बरी वाटते, लस्सीचा ग्लास तेवढा टाळा. वाट बघण्याच्या वेळात चाला. पार्किंगच्या कडेने पाऊण तास, रोज.

आईंना सांगा. या रविवारच्या फोनवर सांगा. त्या ७९ वर्षांच्या आहेत, त्यांनी आयुष्यात यापेक्षा मोठ्या गोष्टी पचवल्या असतील. तुम्ही ऑफिसात आहात असं समजून त्या भलत्या वेळी फोन करतील आणि तुम्ही इंडियानात कुठे तरी माल उतरवताना खोटं बोलाल, हे दोघांनाही शोभणारं नाही. आणि त्यांच्यासाठी एक खरी व्यवस्था करा. अचानक सांगलीला जायची वेळ आली तर तुम्ही कदाचित टेक्सासमध्ये, अंगावर लोड घेऊन असाल. लोड पोचवून, मालकाची गाडी त्याच्या जागी लावून मग विमानतळ. याला दोन-तीन दिवस लागू शकतात. म्हणून विमानाचं भाडं आणि दोन महिन्यांचा घरखर्च, एवढी रक्कम बाजूला असू द्या. फ्लीट ओनरला पहिल्याच भेटीत सांगा की वर्षातून एकदा मी आईकडे जाणार. समंजस मालक ते मान्य करतो. जो करत नाही त्याच्याकडे जाऊ नका. स्वतःचा ट्रक असता तर तुम्ही आईजवळ बसलेले असताना इकडे दर आठवड्याला ९७० डॉलर चालू राहिले असते. तुमच्या बाबतीत ट्रक न घेण्याचं हे मला सगळ्यात मोठं कारण वाटतं.

मंडळातल्या लोकांचं म्हणाल तर गणपतीत तुम्ही स्वतःच सांगून टाका. 'मी ट्रक चालवतो' एवढं सरळ. कुजबूज होईल, दोन महिने. त्याच मंडळात मोटार कंपन्यांत काम करणारी, याच भीतीने झोप उडालेली माणसं आहेत. त्यांच्यापैकी कुणी तरी तुम्हाला बाजूला घेऊन लायसन्सबद्दल विचारेल, असं मला वाटतं. बावन्नाव्या वर्षी नवीन परीक्षा देऊन, रात्रीचा रस्ता धरून घर चालवणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. वर्षानुवर्षं तुमच्या एका फोनवर जी माणसं झोपेतून उठून आली, त्यांच्याबद्दल तुम्हालाही तो वाटतच होता, तुमच्या पत्रात दिसतो.

तर आधी डॉक्टर, मग डॉट फिजिकल, मग मिशिगन वर्क्स, मग शाळा. शाळा चालू असतानाच दोन-तीन फ्लीट ओनरशी बोलायला लागा आणि त्यांच्या सध्याच्या चालकांना भेटून मागच्या फेब्रुवारीतली सेटलमेंट दाखवायला सांगा. चांगल्या महिन्याची कुणीही दाखवेल, फेब्रुवारीची मागा. ४०,००० डॉलर बँकेतच राहू द्या. आणि मालकाशी करायच्या कराराचा मसुदा हाती आला की सही करण्याआधी मला पाठवा, नाव-गाव खोडून. मी तो ओळीने वाचून, कुठे काय विचारायचं ते समासात लिहून परत पाठवीन.

तुमची,
ताई